फळ्यावरचे आकडे

वेल्सच्या डोंगरात, पाटीचा दगड काढणारं आमचं गाव.
आधी खाणी बंद झाल्या, मग चॅपेल.
आता तिथे गालिच्यांचं दुकान आहे.
उपदेशपीठाच्या जागी गुंडाळ्या उभ्या,
जाड, मुक्या, वडीलधाऱ्या.

विकायच्या आधी म्हणाले, हवं ते घेऊन जा.
कुणी बाक नेलं, कुणी घड्याळ.
मी गीतांच्या क्रमांकांचा लाकडी फळा आणला,
कशाला, ते मलाही सांगता आलं नसतं.
फ्रीजशेजारी टांगला.
शेवटच्या रविवारची तीन गीतं अजून त्यावर होती.
आठवड्याच्या आत गेथिनने ती काढून
फुटबॉलचा स्कोअर लावला.
मी काही बोलले नाही.

माझे वडील असते तर बोलले असते.
त्यांचा देव किल्लीच्या भोकातून बघायचा.
सात वर्षांची असताना मी
न्हाणीघराच्या दारावर टॉवेल टांगायचे,
देवासाठी.
तेवढं एक मला पुढे द्यायचं नाही.
बाकीचं चाळून द्यावं म्हणते,
पण चाळता चाळता
हातात नुसती चाळणीच राहिली तर?

मी शाळेची बस चालवते.
खिंडीतल्या वळणावर धुकं असलं
की अजूनही ओठ हलतात.
कुणाशी बोलते, ठाऊक नाही.
ब्रेकशी असेल.

मंगळवारी भांडी घासताना माब्लीने विचारलं,
योना खरंच माशाच्या पोटात होता?
गोष्ट आहे ती, मी म्हटलं.
म्हणजे खोटी?
नाही.
म्हणजे खरी?
फेस विरेपर्यंत मी उत्तर शोधत राहिले.
आईला माहीत नाही, गेथिन म्हणाला,
जसं सांगावं की आईला पोहता येत नाही.
तक्रार नाही, नुसती माहिती.
खरंच माहीत नाही, मी म्हटलं,
आणि छत जिथल्या तिथे राहिलं.
माब्लीने उठून दिवा मालवला.
आत असाच अंधार असेल, म्हणाली.
वासही येत असेल, गेथिन म्हणाला.
मग आम्ही तिघं
त्या माशाच्या पोटात बसून राहिलो,
फ्रीज घुरघुरत होता तोवर.

जेवणाआधी आम्ही हात धरतो.
पत्ता नसलेलं पत्र, तशी आमची प्रार्थना.
ज्याने त्याने एक काहीतरी म्हणायचं:
गरम सूप. नवे बूट.
गेथिन बहुतेक वेळा म्हणतो, पास.
पासही चालतो.
हात मात्र सोडायचा नाही.

मार्चमध्ये शेजारचे इद्वाल गेले.
चाळीस वर्षं दगडाची धूळ छातीत घेऊन जगले,
पोरांना खिशातून पेपरमिंट द्यायचे,
त्याला तंबाखूचा वास.
कुठे गेले, माब्लीने विचारलं.
वडिलांचं उत्तर जिभेवर तयार होतं,
नकाशासकट.
ते गिळलं.
त्या जागी ठेवायला दुसरं काही सापडेना,
म्हणून तिची वेणी घालत राहिले,
सोडून पुन्हा घातली.

संध्याकाळी बघते तर फळ्यावरचा स्कोअर गेलेला.
वरच्या ओळीत फक्त सोळा.
हे काय गं?
इद्वालच्या घराचा नंबर.
कुणाला त्यांना शोधायचं असेल तर.
कुणाला, ते तिने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

रात्री पाणी प्यायला खाली आले.
गेथिन खुर्चीवर चढला होता, अनवाणी.
तिने नऊचा आकडा उलटा लावला होता,
तो काढून सरळ करत होता.
मला बघून चपापला.
सोळा म्हणजे पोस्टवाल्यांचं घर, म्हणाला,
एकोणीस पाहिजे.
उगाच कुणी चुकीच्या दारी जायचं.

खुर्ची डगमगत होती.
मी ती धरून उभी राहिले.