फळीवरून सावकाश

पहिल्या दिवशी चालवायला दिलीच नाही.
दोनशे किलोची गाडी आडवी पाडून ठेवलेली.
"उचला," म्हणाले निइनुमा सर,
आणि हात मागे बांधून धुक्याकडे बघत राहिले.
शाळेच्या स्वयंपाकघरात मी रोज
तीनशे पोरांच्या सूपाचं पातेलं उतरवते,
तरी ती जागची हलेना.
मग म्हणाले, हातांनी नाही, मांड्यांनी.
छातीशी धरा आणि जमिनीला ढकला.
उठली. माझ्यासकट उठली.
सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझ्या मांड्यांना
एवढं काम कोणी सांगितलं नव्हतं.

कुशिरोत जो तो विचारतो, आता हे कशाला?
बहिणीला सांगितलं, आमच्याकडची बस बंद होणार आहे.
मुराकोशीबाईंना सांगितलं, पेट्रोल कमी लागतं.
तामोत्सुला सांगितलं, असंच.
सगळी उत्तरं खरी आहेत,
म्हणून तर एकही पुरत नाही.

परीक्षेत एक फळी असते.
पंधरा मीटर लांब, दीड वीत रुंद,
जमिनीपासून तीन बोटं उंच.
पडलात तर लागणार नाही,
फक्त घरी जावं लागेल.
आणि ती ओलांडायची
सात सेकंदांच्या आत नाही,
सात सेकंद तरी लावून.
भरधाव कोणीही जाईल, सर म्हणतात,
थांबायच्या बेतात असावं आणि थांबू नये.
क्लच अर्धा. मागच्या ब्रेकवर पाय,
झोपलेल्या मांजरावर ठेवावा तसा.
चाकाकडे बघायचं नाही.
समोर, कुंपणापलीकडच्या खांबावर कावळा बसतो,
त्याच्याकडे बघा.
नसला तर?
असल्यासारखं बघा.

माझे साडेचार होतात. फार तर पाच.
एकदा आठ झाले,
पण शेवटचे तीन गवतात.

घरी फ्रिजवर नकाशा चिकटवलाय:
नागमोडी खुंट्या, काटकोनाचं वळण, रेल्वे फाटक,
थांबा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा.
पातेल्याचं झाकण दोन्ही हातांत धरून
मी स्वयंपाकघरातून बैठकीत जाते.
तातामीच्या ज्या काठावर पाय दिला
म्हणून आई चापट मारायची,
त्याच काठावरून आता पाऊल पाऊल.
तामोत्सु पेपर बाजूला घेतो, पाय आखडतो,
मी गेले की परत पसरतो.
काल म्हणाला, इंडिकेटर राहिला.
म्हणजे बघत असतो तर.

कोणाला न सांगितलेलं एक असं आहे.
सात वर्षांपूर्वी, आक्कानच्या रस्त्यावर,
मी बसमध्ये खिडकीशी.
बाजूने एक मोटरसायकल चालली होती, समोरून दुसरी आली.
दोघांनी डावे हात वर केले. ओळखपाळख काही नसणार.
एवढंच. सेकंदही लागला नसेल.
काचेमागे माझाही हात वर गेला,
आणि मग मी केस नीट केले.

आज मैदानावर दव होतं.
माझ्या छातीवर चौदा नंबर.
तेरा नंबरचा काजिया, अठरा वर्षांचा,
शिकवणीत सगळ्यांत हलका, सगळ्यांत चपळ,
फळीच्या टोकाशी येऊन, अगदी टोकाशी,
चाकाकडे बघितलं त्याने.
टायर घसरल्याचा आवाज फार मोठा नसतो.
पुढे जाऊ देत नाहीत. सावकाश परत आला,
काच खाली ओढलेली,
तिच्याआड काय चाललं असेल ते असो.

माझ्यासमोरून जाताना
मी डावा हात वर केला.
का केला, विचारू नका,
परवाना तर दोघांकडेही नव्हता.
त्याने आधी मागे वळून बघितलं,
दुसऱ्या कोणासाठी असेल म्हणून.
मग त्याचाही आला,
अर्धवट, कोपरापर्यंतच.

"चौदा नंबर."
आसनाला अजून त्याची ऊब होती.
आरसे माझ्या उंचीला लावले,
खांबाकडे बघितलं.
कावळा नव्हता.