पट्टी झिजलेली

हातमोजे काढा हो, कॅलम.
ही काही राणीची भांडी नाहीत.
ही सगळी खोकी धुलाईच्या दुकानावरच्या खोलीत
वाफेत वाढलीत.
ग्रिम्सबीत तसंही कोरडं असं काही राहत नाही.

ती पेपरबॅक आधी घ्या, डावीकडची.
सिनेमा लागायच्या आधीच बाजारात आलेली.
मुखपृष्ठावर पंजा, रक्त उठावाचं, बोटाला लागतं.
लिहिणाऱ्याला म्हणे पटकथा दिली
आणि तीन आठवडे.
म्हणून पुस्तकातल्या समुद्री पिशाच्चाला पंख आहेत,
आणि सिनेमात, पैसे संपल्यावर,
ओली ताडपत्री.
पुस्तकात पोरगी वाचते, शेवटच्या पानावर बसची वाट बघते.
सिनेमात बस येते, पोरगी नसते.
मला दोन्ही पटतं. वार बघून.

चौऱ्याऐंशी साली पोलीस आले, यादी घेऊन.
सार्जंटला कुठला सिनेमा कुठला ते कळेना,
लाल दिसेल ते उचललं त्यानं,
त्यात स्वयंपाकाची एक कॅसेटही गेली. टोमॅटोची.
ही मात्र फ्रीजरमध्ये होती, हॅडकच्या खाली.
वास घ्या. चाळीस वर्षं झाली.

आता लावा. नाही, पुढे न्या, सत्तेचाळिसावं मिनिट.
बघा: चित्र फाटतं, पांढऱ्या रेघा,
आवाज विहिरीत जातो.
तुम्ही म्हणाल, इथं भूत येत असणार,
पोरांनी इथंच मागे-पुढे केलं असणार.
भूत एकोणपन्नासाव्याला येतं.
जाणकारही फसतात इथं.

इथं नुसती गोदी आहे, आपलीच.
बर्फाच्या कारखान्यापुढून एक बाई जाते,
हातात जाळीची पिशवी.
दोन सेकंद.

सभासद क्रमांक दोनशे बारा, मिस्टर पास्क.
दर शुक्रवारी हीच कॅसेट, सोमवारी परत,
रिवाइंड करून, कधी दंड नाही.
मी विचारलं नाही. लोक काय काय नेतात,
दुकानदारानं विचारू नये.
सातव्या का आठव्या महिन्यात तोच म्हणाला, पावती दुमडत,
"ती बेरिल. बटाटे आणायला निघालेली.
बाजूला व्हा म्हणून ओरडले होते तिला,
पण ती कुणाचं ऐकतेय."
घरी फोटो होते, म्हणाला,
पण सगळ्यांत ती उभीच.

दोन सेकंद झिजवायला किती शुक्रवार लागतात?
आधी चेहरा गेला. पिशवी राहिली.
मग पिशवीही.
तरी तो न्यायचा.

गेल्या वर्षी चकचकीत डबीत तबकडी आली,
मूळ निगेटिव्हवरून धुऊन-पुसून.
मी दोन घेतल्या, का ते विचारू नका.
बेरिल लख्ख दिसते.
कॅमेऱ्याकडे बघून जीभ काढते,
अख्ख्या भीतीचा विचका करते.
पास्क एक्क्याण्णवच्या मार्चमध्येच गेला.
दुसरी डबी अजून प्लास्टिकमध्ये आहे, ती बघा.

तर लिहा तुमच्या वहीत:
पट्टी झिजलेली, किंमत निम्मी.
आणि मग खोडा.
पोस्टरं न्या, तबकड्या न्या, ते पंखांचं पुस्तक न्या.
ही दोनशे बाराच्या नावावर आहे.

पुस्तकात ती बाई नाहीच, मी शोधलं.
लिहिणाऱ्याला तरी कुठून माहीत असणार
की घरातले बटाटे संपले होते.