टाळू

पहाटे पाचला खुराड्यात हात घातला
तर कवडीच्या पोटाखाली
कोमट, ओलसर, लिबलिबीत काही.
मी दचकून हात मागे घेतला.
कौतिका आतून म्हणाली,
"काय झालं बाप्पा? साप हाय का?"

बिनटरफलाचं अंडं होतं.
पापुद्र्यात सगळं जागच्या जागी,
उचललं की बोटांमधून लोंबायचं.
बल्बसमोर धरलं
तर आतला बलक हळूच कूस बदलायचा.
कुठे ठेवावं कळेना.
वाटीत ठेवलं, ते वाटीसारखं झालं.

कौतिकानं एका बोटानं दाबून पाहिलं,
न दाबल्यासारखं.
डागा दवाखान्यात तीस वर्षं तिनं
दुसऱ्यांची बाळं न्हाऊ घातली आहेत.
"टाळू हाय," म्हणाली.
"भरून येते. वेळ लागते."

मे महिना, सेहेचाळीस डिग्री, पाचपावली.
नळाचं पाणी सकाळी आठलाच चहाचं.
कोंबड्या पंख फाकवून, चोच उघडी टाकून
भिंतीच्या सावलीत धापा टाकतात.
चौथ्या दिवशी परत तसंच अंडं.
मग चंपीचंही.
शेजारचे पराते म्हणाले, "चुना पाजा, चुना."

चुना होता माझ्याकडे.
चाळीस वर्षं पन्नीत घोटलेला खर्रा
फेब्रुवारीत सुटला,
डबी मात्र खिशातच राहिली, सवयीनं.
मेडिकलमधला पोरसवदा डॉक्टर म्हणाला होता, आ करा.
तीन बोटं उभी जायला पाहिजेत.
माझी दीड गेली.
"टाळू कडक झाली काका. गालसुद्धा."
म्हणजे मला टरफल आतून चढत होतं
आणि मी पिचकाऱ्या मारत हिंडत होतो.

जनावरांच्या दवाखान्यातल्या हेडाऊ बाईंनी
डबी पाहून कपाळाला हात लावला.
"आतडी पोळतील त्यांची.
शिंपल्यांचा चुरा द्या, जाडसर.
संध्याकाळी द्या.
टरफल रात्रीच चढतं,
आणि पोटात काही नसलं तर कोंबडी
आपल्या हाडातलं काढून लावते."
कौतिकानं गुडघ्यावरून हात फिरवला.
बाहेर आल्यावर माझ्या हातातली डबी घेतली
आणि नालीत टाकली.

आता आमचा कूलर खुराड्याकडे तोंड करून चालतो.
वाळ्याचा वास कोंबड्यांना,
आम्ही दोघं गच्चीवर, ओली चादर पांघरून.
पोट्टा पुण्याहून फोनवर हसून राहिला होता.
हसू दे.

जुनी टरफलं कौतिका तव्यावर भाजते,
खलबत्त्यात कुटते,
कोंबडीला ओळखू येऊ नयेत इतकी.
आपल्याच अंड्याची चव एकदा कळली
की ती उद्या चोच मारायला शिकते.
म्हणून मऊ अंडं अंगणात फुटू द्यायचं नाही.
उजाडायच्या आत उचलायचं,
लिंबाच्या बुडाशी पुरायचं.
सात पुरली.
आठवं मी तळून खाल्लं, चोरून.
चव तीच होती.

महिना सरता सरता कवडीनं एक दिलं,
खरबरीत, एका अंगाला सुरकुतलेलं,
घाईत सिमेंटचा हात मारल्यासारखं.
पण फरशीवर ठेवलं तर टक् वाजलं.
कौतिकानं ते उचलून परत ठेवलं.
टक्.
परत उचललं.
चंपी अजून मऊच देते.

संध्याकाळी शिंपल्यांची वाटी खुराड्यात सरकवली
की ती साबणानं हात धुऊन येते.
"आ करा."
मी करतो.
परवा दोन बोटं गेली.
तिसरं तिनं ओठांपाशी धरून ठेवलं,
ढकललं नाही.