दहाचा भोंगा

अंबय्या चिलवेरी सांगायचा, मागावर बसल्या बसल्या,
धोटा न थांबवता :
नाटकात गाणं आलं ते पाहुण्यासारखं, ओसरीपर्यंतच.
आधी एकटा सूत्रधार गायचा,
देव-दैत्य नुसते ओरडून मोकळे.
मग भीमेपलीकडून कानडी खेळ यायचे, रातभर चालायचे,
त्यांचं ऐकून आपल्या पात्रांच्या घशात सूर उतरला.
कुणाचं आधी, हे विचारू नये.
साखर पेठेत तीन भाषांची भांडणं एकाच नळावर होतात,
पाणी कुठल्या भाषेतलं असतं?

हायस्कूलचे मंगळवेढेकर मास्तर एकदा म्हणाले,
इटलीत चारशे वर्षांमागे काही शहाणी माणसं
एका दिवाणखान्यात जमली.
जुने ग्रीक नाटक गात असत म्हणे,
तर आपणही बोलणंच गाऊ या.
ग्रीकांचं गाणं काही सापडलं नाही,
ऑपेरा सापडला.
‘वाट चुकली आणि गाव लागलं,’ अंबय्या म्हणाला,
आणि तुटला धागा थुंकी लावून जोडला.

त्या साली गड्ड्याच्या जत्रेत कंपनीचा तंबू होता.
दमयंती झालेला दिगंबर हुद्देदार,
पावडरीखाली दाढीची निळी सावली.
नळानं झोपलेल्या राणीचं अर्धं लुगडं फाडलं
तेव्हा पिटातले विणकर हळहळले,
राणीसाठी की कापडासाठी, कोण जाणे.
ती जागी झाली. अरण्य. एकटी.
ऑर्गनवाल्यानं भाता भरला
आणि गिरणीचा दहाचा भोंगा झाला.

तिसऱ्या पाळीचे दीडशे जण चपला शोधू लागले.
दिगंबर थांबला.
मग त्यानं स्वतःची पट्टी सोडली,
भोंग्याचा सूर उचलला, तोच षड्ज धरला
आणि त्याच्यावर रडला.
ऑर्गनवाल्याची बोटं अंधारात जिना चाचपावा तशी
वर-खाली, वर-खाली, मग सापडली.
भोंगा संपला. दमयंती संपली नाही.
उभे होते ते उभेच राहिले, एका हातात एक चप्पल.

वन्समोर! वन्समोर!
पण भोंगा पुन्हा आणायचा कुठून?
क्षणभर तंबूत काही नाही, बत्तीची सरसर.
मागून कुणीतरी बारीक सुरू केलं, ऊऽऽऽ
मग शेजारच्यानं, मग बाकड्यांच्या रांगाच्या रांगा,
दीडशे नरड्यांची गिरणी,
आणि तिच्या मधोमध
अर्ध्या लुगड्यातली ती बाई.

पुढचं लवकर सांगायचा तो.
बोलपट आला, कंपनीनं पडदे विकले,
त्यातल्या एकाच्या त्याच्या आईनं गोधड्या शिवल्या,
राजवाड्याचा खांब पायाशी यायचा.
गिरणीही गेली. आता दहा वाजतात ते घड्याळापुरते.

त्या रात्रीचा खाडा धरला गेला, सहा आणे कापले.
ते त्यानं शेवटपर्यंत विसरले नाहीत.
‘वसूल झाले का?’ विचारलं
तर तोंडाचा चंबू करून भोंगा काढून दाखवायचा.
दम पुरायचा नाही,
पट्टी तीच.