खिडकीची पाठ

सोमवारी नऊला जेसीबी येणार, म्हणजे आमच्या हातात
फक्त रविवार, तोही टॉम्स्कमधला, जानेवारीचा,
पाचलाच अंधारणारा.

उणे अठ्ठावीस. एवढ्या थंडीत लाकूड काचेसारखं वागतं,
जोर लावला की तडकतं.
रुफिना म्हणते, खिळ्याशी भांडायचं नाही,
त्याला हलवून हलवून कंटाळा आणायचा.
तिच्या हातात पटाशी, माझ्या हातात पहार,
खाली शिडी धरून तिचा भाचा येफीम,
ज्याला खरं तर हॉकीची मॅच बघायची होती.

आठ खिडक्या. प्रत्येकीच्या कपाळावर कोरलेला अर्धा सूर्य,
आणि बाजूंना पक्षी. की कोबीची पानं?
यावर आमचं अजून एकमत नाही.

घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात.
इथे वासे जागचे हललेही नव्हते.
फिरली ती फाईल, या टेबलावरून त्या टेबलावर,
आणि दर टेबलागणिक घर थोडं थोडं म्हातारं होत गेलं.
शेवटच्या शिक्क्याला: धोकादायक.

सहाव्या चौकटीमागे पेन्सिलीचं अक्षर निघालं,
सुताराचं, शंभरावर वर्षं अंधारात राहिलेलं:
"ही उलटी कोरली गेली. चालवून घ्या."
आम्ही शिडी सरकवून बघितलं. खरंच,
सहावा सूर्य मावळत होता, बाकी सात उगवत होते.
येफीम इतका हसला की शिडी हलली.

मार्चमध्ये कापितोलिना इव्हानोव्हना शेडवर आली.
एक्केचाळीस वर्षं त्या घरात, आता नवव्या मजल्यावर.
बसडेपोमागची आमची शेड, भिंतींना टेकून
दोनशे अकरा खिडक्या, एकीमागेही खोली नाही.
रुफिनाने आठ सूर्य तिच्यापुढे मांडले,
लग्नाच्या साड्या दाखवाव्यात तसे.

ती एकेकापाशी थांबली.
छान आहेत, म्हणाली. पण मला काय विचारता?
मी आतून बघायचे. हे सगळं रस्त्यासाठी होतं.
बाहेर पडले तरी दोन हातांत दोन बादल्या,
नळ कोपऱ्यावर, पायाखाली बर्फ.
मान वर करायची कुणी?

मग म्हणाली, पालथ्या घाला बघू.

पाठीला नक्षी नसते. रंधासुद्धा फिरवलेला नसतो.
काजळी, कोळिष्टकं, खिळ्यांची भोकं.
ती वाकून हात फिरवत गेली आणि सहाव्या पाठीवर थांबला हात.
फटीत अडकलेली कापडाची चिंधी, निळे-पांढरे पट्टे.
"हा आमच्या गेरासिमचा पायजमा.
इथून वारा यायचा मेला. किती बोळे कोंबले,
पण ही चौकट काही नीट बसलीच नाही कधी."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघितलं.
पेन्सिलीचं अक्षर तिला दाखवायचं राहूनच गेलं,
किंवा आम्ही राहू दिलं.

नेणार का, येफीमने विचारलं.
कुठे लावू? तिकडे प्लॅस्टिकच्या खिडक्या, वाराच येत नाही,
झोप लागत नाही मला.

चिंधी तिने ओढून काढली नाही.
जायच्या आधी हातमोजा काढला,
बोटाने ती आणखी आत खोचली, घट्ट.
शेडचं दार उघडंच होतं,
आणि वारा होताच.