कच्चं लिंबू

ओहोटीला, हर्णैच्या ओल्या वाळूत
टाचेनं आखलेलं कबड्डीचं अंगण.
वाटणी संपली, रुद्राज तांडेल उरला.
"हा कच्चं लिंबू," मीच म्हणालो.
कुणी हसलंही नाही, इतकं ते ठरलेलं.

तो चढाईला यायचा,
दम टिकवून घुमायचा,
आम्हा सातही जणांना शिवून परत जायचा.
गुण शून्य.
आम्ही कमरेवर हात ठेवून
बंदरातल्या होड्या मोजायचो.

शनिवारी मधल्या रेषेवरच थांबला.
"धरा ना रे मला," म्हणाला,
"मला पण बाद करा."

मग धरला. सुबहाननं घोटा, मी कंबर.
तोंडात वाळू, कोपर सोललेलं.
उठला, थुंकला,
आणि रेषेबाहेर, बाद झालेल्यांच्या रांगेत
ऐटीत जाऊन उभा राहिला,
"सरका जरा."