साडेनवाची फेरी

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
जैनुद्दीन बुरोंडकरांच्या तरीचं वेळापत्रक लिहिलं मी.
खाली लाद्या फुटत होत्या, वर मी रकाने जुळवत होते.
क्रोममध्ये सहा फेऱ्या, सहा ओळी,
वलांडीवरच्या बोंबलांसारख्या सारख्या अंतरावर.
फायरफॉक्सने पहिली ओळ केसभर खाली ढकलली.
सोडून दिली. केसभर कोण बघतं?

शुक्रवारी दाभोळच्या दवाखान्यातून
नर्स संघमित्रा पवार पावणेआठला सुटली.
मोबाईलवर शेवटची फेरी साडेसातची.
ती मासळीच्या टेम्पोत बसून
चिपळूण फिरून मध्यरात्री पलीकडे पोचली,
आणि साडेनवाची तर
चार माणसं नि एक स्कूटर घेऊन गेली, रिकामीच.

सोमवारी तिने मोबाईल माझ्या हातात दिला,
भावाने कुवेतहून पाठवलेला, जुना आयफोन.
“मोजा,” म्हणाली.
पाच.

सफारी पडद्याची पूर्ण उंची मोजतं
खालची पत्त्याची पट्टी सरलेली असताना,
म्हणजे ओहोटीला.
पट्टी परत आली तरी माप तेच,
आणि कडेची ओळ पाण्यात.
वर मी पान घट्ट बांधून ठेवलेलं,
सरकू नये म्हणून. छान दिसावं म्हणून.

आधी जुनं माप लिहायचं, सगळ्यांना कळणारं,
त्याच्याखाली नवं, भरतीबरोबर हलणारं.
ज्या ब्राउझरला कळेल तो घेईल,
ज्याला नाही तो ओलांडून पुढे जाईल,
तोंड वाकडं न करता.
(माणसांशी बोलताना मला हे अजून जमलेलं नाही.)
आणि पानाची गाठ सोडली.

जेटीवर जाऊन एकेकाचा फोन मागितला.
खलाशाच्या फोनवर ठीक. तिकीटवाल्याच्या ठीक.
बुरोंडकरांच्या तडकलेल्या सॅमसंगवर
रकानेच उमटले नाहीत,
सगळ्या वेळा एकाखाली एक, डावीकडे चिकटलेल्या.
मी फोन ओढून घेऊ लागले.
“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले, “हाच बरा हाय. बोट ठेवून वाचता येतं.”
राहू दिलं.

संघमित्राच्या पडद्यावर साडेनऊ,
पट्टीच्या अर्धं बोट वर, कोरडे.
ती काही बोलली नाही. टेम्पोचे दीडशे रुपये
मी देऊ केले, तिने घेतले.

रात्री फायरफॉक्स उघडला पुन्हा.
केसभर घसरलेली ती ओळ
पहाटे सहाची होती,
डोक्यावर पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांची.
खुर्ची पुढे ओढली.